बैठक बदलली, मराठी हरवली

आमच्या कोथरूडच्या घरात संगणक एकच, आणि तोही दहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ आमच्या म्हाताऱ्याला पेलवेना. तेव्हा भाच्याने त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक अवतार, बसवून दिला. फुकट मिळते म्हटल्यावर पेठेतून कोथरुडात आलेल्या माणसाने नाही म्हणावे कसे?

काम चाले, पण बैलगाडीच्या चालीने. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स हे घर, आणि पडद्यावर दिसते ती नुसती बैठक. घर न पाडता बैठक बदलता येते." उबुंटूबरोबर आलेली नोम नावाची बैठक ऐसपैस, जागा खाणारी. १९९६ साली सुरू झालेली एक्सएफसीई मात्र आटोपशीर, आणि तिचे बोधचिन्ह उंदीर! गजाननाला वाहून नेणारा प्राणी आमच्या घरी लाभेल, या भरवशावर दिवाळीच्या साफसफाईत मी ती एकट्यानेच उतरवून घेतली.

संगणक पुन्हा सुरू करतो, तो समोर जुनीच बैठक. अर्ध्या तासाने उमगले, की आपली निवड दाराशीच सांगावी लागते. नाव निवडल्यावर, परवलीचा शब्द देण्यापूर्वी, कोपऱ्यातल्या दंतचक्रावर टिचकी मारायची. मारली. पडदा झटक्यात उघडला. सौ.ला हाक मारून तो दाखवलाही.

तेवढ्यात आई आली. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती दहा वर्षांची, नारायण पेठेत राहणारी. त्या दिवसाच्या आठवणी ती रोज अर्धे पान लिहिते. इंग्रजी कळा दाबून मराठी उमटवण्याची विद्या तिने सत्तरीनंतर मिळवली आहे. कालचे लिखाण नीट उघडले. पुढे 'पाणी' लिहायला गेली, तर उमटले पी, ए, ए, एन.

"अरे, माझे मराठी कुठे गेले?"

मराठीच्या प्राध्यापकाला त्याच्या आईने हा प्रश्न विचारावा!

मी कळफलकाच्या यादीत मराठी जोडली. अक्षरे मराठी आली, पण इन्स्क्रिप्टच्या मांडणीची. आईच्या बोटांना ती परकी. दोन शब्द पाहून तिने "ही मोडी का?" म्हणून विचारले आणि चष्मा काढून ठेवला. तो चष्मा काढणे मला फार लागले.

शेवटी भाच्याला फोन. टंक जागेवरच होता, तो लोहित, मुळात आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचा. झोपला होता तो मधला दुभाषा, आयबस. नोम त्याला आपण होऊन उठवते. आमच्या नव्या बैठकीत त्याला कोणी उठवलेच नव्हते. आयएम-कॉन्फिगमध्ये आयबस निवडायचा, आयबसच्या यादीत मराठीची जुनी रीत पुन्हा जोडायची (नोममधली निवड इकडे येत नाही) आणि बाहेर पडून पुन्हा आत यायचे. हे शेवटचे मी केले नाही. नुसती खिडकी मिटून उघडली. पाऊण तास डोके फोडले! दुभाष्याची वर्दी फक्त आत शिरताना वाचली जाते, हे मला कोण सांगणार?

रात्री साडेनऊला 'पाणी' उमटले. आईने चष्मा लावला. अकराला मी दिवा मालवायला गेलो, तर म्हणाली, "थांब रे, आम्ही अजून गच्चीवरच आहोत."