धार हाताची की मशीनची?

बकरी ईद जवळ आली की मोहल्ल्यामोहल्ल्यात धारवाल्याची हाक ऐकू येते. घराघरांतून सुऱ्या आणि सत्तूर बाहेर निघतात. सुरी तेज असावी, जनावराला तकलीफ होऊ नये, ही तर आपल्या दीनची ताकीदच आहे. पण याच दिवसांत दरवर्षी एक वादही निघतो. धार हाताने दगडावर लावलेली चांगली की मशीनवरची? बुजुर्ग म्हणतात हाताची. तरुण म्हणतात, दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास कशाला?

आम्ही कापडाचे व्यापारी. सुरीपेक्षा आमचा संबंध कात्रीशी जास्त, म्हणून आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी घाईगर्दीत आम्ही दुकानातली मोठी कातर एका ग्राइंडरवाल्याकडे दिली. त्याने ती आरशासारखी चमकवून दिली. दुसऱ्या दिवशी क्रेपच्या ताग्यावर चालवली, तर कापड कापले न जाता पात्यांत दुमडून चावले जाऊ लागले. मोजमाप वाकडे झाले, कापड वाया गेले आणि कातरही कायमची गेली.

असे का झाले? चांगल्या कात्रीची पाती अगदी सपाट नसतात. त्यांना किंचित बाक असतो, आतली बाजू थोडी खोलगट असते. मिटताना पाती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि ती भेट टोकापर्यंत सरकत जाते. ग्राइंडरवाल्याने आतली बाजूच घासून सपाट केली होती.

दुसरा दोष उष्णतेचा. साधा ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो. कोरड्या चाकावर पाते दाबून धरले की कड निळी पडते. निळी पडली म्हणजे ती ३०० अंश सेल्सिअसच्या घरात तापली आणि लोखंडाला दिलेले पाणी उतरले. अशी धार चार दिवसही टिकत नाही.

मग मशीन वाईटच का? आमचे तसे म्हणणे नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात थरावर थर कापणाऱ्या उभ्या पात्याच्या मशीनला धार लावण्याचे पट्टे मशीनमध्येच बसवलेले असतात. कोन ठरलेला, म्हणून धार दरवेळी सारखी. सुरी चिमट्यात धरून ठरावीक कोनात दगड फिरवण्याचे साचेही आता बाजारात मिळतात. गोश्ताच्या सुरीला दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा कोन पुरतो, हाड तोडायच्या सत्तूराला त्याहून जाड धार लागते. हा कोन साच्याने सांभाळला काय किंवा उस्तादाच्या मनगटाने सांभाळला काय, सुरीला फरक पडत नाही. दोष मशीनचा नाही, बेफाम वेगाचा आणि अर्धवट माहितीचा आहे.

आमचे शिकलगार बंधू ही माहिती पिढ्यान् पिढ्या बाळगून आहेत. त्यांचे नावच अरबी 'सैकल' म्हणजे झिलई या शब्दावरून आले आहे. त्यांना आमची विनंती आहे की मशीनला वैरी समजू नका. सुऱ्या-सत्तूरांसाठी पाण्यात फिरणारे संथ चाक किंवा साचा घ्या, म्हणजे ईदच्या गर्दीत काम उरकेल. कात्री मात्र हातानेच करा, आणि तिचे दाम वेगळे सांगा.

आणि दाम देणारे कोण? आम्हीच. हजारोंचा माल कापणाऱ्या कात्रीच्या धारेसाठी आम्ही व्यापारी दहा रुपयांवरून घासाघीस करतो आणि मग कारागीर राहिले नाहीत म्हणून रडतो. मेरठच्या हाती बनणाऱ्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला आनंद आहे. पण कात्री पुन्हा पुन्हा धार लावून वर्षानुवर्षे चालवायची वस्तू आहे. ती धार लावणाऱ्याची मजुरी आम्ही मारली, तर उद्या त्याचा मुलगा दगडाला हात लावणार नाही. मग हाताची की मशीनची, हा वाद घालायलाही कोणी उरणार नाही. व्यापारी बंधूंनी याचा विचार करावा.