तुरुंगांतील आप्तास पत्र

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतील एक सून तिन्हीसांजेस घरीं आली. पदराआड एक पाकीट, व पाकिटांत तिच्या चार वर्षांच्या मुलाचा फोटो. "गुरुजी, पत्ता तेवढा आपल्या अक्षरांत लिहून द्या, पोस्टांत माझें अक्षर ओळखतात." पत्त्यांत 'कारागृह' हा शब्द यावयाचा होता, हेंच काय तें संकट! तिचा नवरा पतपेढीच्या हिशेबांतील अफरातफरीच्या आरोपावरून अटकेंत आहे. न्यायालयाचा निकाल लागावयाचा आहे. घरच्या तात्यांनीं मात्र तो केव्हांच लावून टाकिला, व पत्र कोणीं धाडूं नये असें फर्माविलें.

याच घरीं तात्यांच्या वडिलांनीं १९४२ सालीं तुरुंगांतून लिहिलेलीं पत्रें रेशमी वस्त्रांत जपून ठेविलेलीं आहेत. सरकारी तपासनिसानें काळ्या केलेल्या ओळीसुद्धां पाहुण्यांस कौतुकानें दाखविल्या जातात.

त्या सालची एक हकीकत आमच्याच जिल्ह्याची आहे. ९ ऑगस्टला गांधीजींस मुंबईस अटक होऊन पुण्यास आगाखान राजवाड्यांत ठेवण्यांत आलें. पत्रव्यवहाराची मुभा मिळाली ती फक्त कुटुंबीयांशीं, आणि तीहि घरगुती विषयांपुरती. गांधीजींनीं ती नाकारली. ज्यानें सबंध सेवाग्रामाचा संसार मांडिला, त्यानें 'कुटुंबीय' म्हणून कोणास निवडावें? १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेंच कैदेंत वारले. पत्नी दुर्गाबेन व पुत्र नारायण सेवाग्रामीं होते. गांधीजींनीं आश्रमासाठीं तारेचा मजकूर लिहून अधिकाऱ्यांच्या हवालीं केला. तो तारेनें न जातां टपालानें गेला, आणि पोंचावयास सुमारें तीन आठवडे लागले! गांधीजींनीं सरकारकडे त्याबद्दल तक्रार केली.

तेव्हां अडवणूक सरकारची होती. आज टपाल मोकळें आहे, आणि अडवणूक माजघरांतून होते.

हें मीं तात्यांस बोलून दाखविलें. ते संतापले. "ते देशासाठीं गेले होते, गुरुजी!" खरें आहे. दोन्ही गोष्टी एका तराजूंत घालण्याइतका मी खुळा नाहीं. परंतु ख्यालीखुशालीचें पत्र म्हणजे कांहीं सद्वर्तनाचा दाखला नव्हे, आणि बापास मुलाचें तोंड दिसल्यानें त्याचा गुन्हा, असलाच तर, हलका होत नाहीं.

ज्या घरांवर असा प्रसंग आला असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द व्यवहाराचे. पत्त्यांत वडिलांच्या नांवासह पुरें नांव असावें. तुरुंगांत आलेलें पत्र अधिकारी वाचतात. म्हणून खटल्याची चर्चा व भाऊबंदकी त्यांत नको. फोटो ठेवूं देतात कीं नाहीं हें आधीं त्या कारागृहांत विचारून घ्यावें. चौकट, कांच कांहीं नको. मागें मुलाचें नांव व तारीख लिहावी. पाकिटांत नोटा घालूं नयेत. आणि लिहावें काय? आईचा गुडघा, गाईचें वासरूं, यंदा कपाशीस मिळालेला भाव. आंतल्या माणसास उपदेश देणारे तेथें पुष्कळ असतात.

पत्ता मीं लिहिला. पाठविणाराचें नांव मात्र तिच्याच हातून लिहविलें.

परवां तात्या देवळांत भेटले. पत्राचा विषय त्यांनीं काढिला नाहीं. चपला घालतां घालतां एवढेंच विचारिलें, "फोटोंत पोराच्या डोक्यावर टोपी होती का?"