रोल धुवायला टाका, रंगाची वाट बघू नका

ट्रंकेत, माळ्यावर किंवा फ्रीजच्या दारात न धुतलेली जुनी कोडाक्रोम फिल्म ठेवून "एक ना एक दिवस रंगीत धुऊन मिळेल" म्हणत बसलेली मंडळी मला अधूनमधून भेटतात. त्यातली निम्मी माझ्याच धंद्यातली, म्हणजे सॉफ्टवेअरवाली. आज त्यांच्याशी जरा भांडायचंय. माझं म्हणणं एवढंच आहे की तो रोल ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुऊन घ्या, आणि शक्यतो याच वर्षी घ्या.

ज्यांचा फिल्मशी संबंध फक्त फोनमधल्या फिल्टरपुरता आला आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. कोडाक्रोम १९३५ साली आली, आणि आली तीच मुळी सिनेमाची फिल्म म्हणून, १६ मिमीमध्ये. पुढच्या वर्षी ८ मिमी आणि स्लाइडची ३५ मिमी. शोधणारे दोघं, लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की, पेशाने संगीतकार (दोघंही लिओपोल्ड, हा एक गंमतशीर योगायोग). १९६५ साली कोडॅकने सुपर ८ काढलं. ५० फुटांचं प्लास्टिकचं कार्ट्रिज, कॅमेऱ्यात खटकन बसवायचं, १८ फ्रेमच्या वेगाने साधारण ३ मिनिटं २० सेकंद. आपल्याकडे ती चैनच होती, पण त्या काळात अमेरिकेला गेलेल्या बऱ्याच काका-मामांनी पहिल्या काही पगारांतून गाडीच्या खालोखाल हाच कॅमेरा घेतला.

सुपर ८ मधली कोडाक्रोम २००५ मध्ये बंद झाली, उरलेली २००९ मध्ये. ती धुणारी जगातली शेवटची लॅब कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातली, ड्वेन्स फोटो. त्यांनी ३० डिसेंबर २०१० ही शेवटची तारीख दिली. लोक अक्षरशः गाड्या भरभरून आले. रेल्वेचे फोटो काढणारा एक गडी १,५८० रोल घेऊन गेला आणि जवळपास १६ हजार डॉलर मोजून आला. जानेवारी २०११ मध्ये मशीन थांबलं. संपलं.

आता माझ्या जातभाईंचा पहिला युक्तिवाद : "कंपनीने प्रोसेस ओपन सोर्स करायला हवी होती."

अरे बाबांनो, प्रोसेस गुपित नाहीये! के-१४ म्हणतात तिला. पेटंट आहेत, कोडॅकच्या स्वतःच्या लॅब मॅन्युअलमधून पायऱ्या कळतात. आधी मागचा काळा थर काढायचा. मग पहिला डेव्हलपर. मग फिल्मवर मागून लाल प्रकाश टाकून सायन डेव्हलपर, पुढून निळा प्रकाश टाकून यलो डेव्हलपर, उरलेल्या थराला रसायनानेच फॉग करून मजेंटा. मग ब्लीच, फिक्स, धुणं. वाचायला अर्धा तास पुरतो. अडचण अशी की इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारे कपलर फिल्मच्या आतच असतात, कोडाक्रोममध्ये ते डेव्हलपरमध्ये असतात. तीन रंगांचे तीन वेगळे डेव्हलपर, त्यातली खास रसायनं, ती पुरवणारा कारखाना, सतत चालणारं मशीन आणि रोज केमिस्ट्री तपासणारा माणूस. हे सगळं रोज हजारो फूट फिल्म येत असेल तरच परवडतं. सोर्स कोड मिळाला, पण कंपायलर नाही, हार्डवेअर नाही आणि ट्रॅफिक तर मुळीच नाही. दोन-चार जिद्दी हौशी मंडळींनी घरच्या घरी के-१४ करून रंग काढून दाखवलाय, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण तो प्रयोग झाला. तुमच्या आजोबांचं एकुलतं एक कार्ट्रिज प्रयोगाला देणार आहात का?

कंपनीला सोडा असं मात्र मी म्हणत नाहीये. १९५४ पर्यंत अमेरिकेत कोडाक्रोमच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असायचे, रोल कोडॅकलाच पाठवायचा. सरकारी अँटीट्रस्ट कारवाईनंतर ते सुटलं. म्हणजे लोकांना एकाच दारात उभं राहायची सवय लावायची आणि मग दार बंद करायचं, हे आपल्या क्लाउडवाल्यांना काल-परवा सुचलेलं नाही. त्यात २०१७ साली कोडॅककडूनच "कोडाक्रोम परत आणता येईल का ते बघतोय" असं विधान आलं. लोकांनी रोल पुन्हा फ्रीजमध्ये ठेवले. एक्टाक्रोम खरंच परत आली, २०१८ मध्ये. पण ती ई-६ प्रोसेसची, जी कधी बंद पडलीच नव्हती. कोडाक्रोम काही आलेली नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त घातक आहे : "एआय इतकं पुढे चाललंय, पाच-दहा वर्षं थांबू, काहीतरी निघेल."

न्यू जर्सीतल्या माझ्या एका मित्राचं हेच चाललंय. वडील गेले, त्यांच्या सामानात न धुतलेलं एक कार्ट्रिज निघालं. खोक्यावर बॉलपेनने लिहिलेलं, 'आई, नायगारा, १९७८'. त्याच्या आजीचं चालतं-बोलतं (खरं तर नुसतं चालतं, आवाज नाही) असं दुसरं काहीही घरात नाही. आणि हा म्हणतो, नऊवारीचा रंग दिसला पाहिजे म्हणून थांबलोय. त्याची आई ऐंशीच्या पुढे आहे. त्या फिल्ममध्ये आजीच्या शेजारी कोण उभं आहे, कोणाच्या घरी उतरले होते, हे सांगू शकणारी ती आता एकटीच. तिला फोनवर विचारलं, तर साडीचा रंग तिने विचार न करता सांगितला : अंजिरी, हिरवा काठ. झालं की! आणखी काय हवंय?

आपण लोक डेटाच्या बाबतीत लाडावलेलो आहोत. डिस्कवरचा बिट दहा वर्षांनी वाचला तरी तोच. न धुतलेल्या फिल्मवर मात्र अजून चित्रच नाही. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांच्या कणांवर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका आहे, बस. तो ठिपका वर्षागणिक विरतो, आणि प्रकाश न पडलेले कण उष्णतेने, दमटपणाने आणि आसपासच्या किरणोत्साराने आपोआप फॉग होत जातात. म्हणजे सिग्नल उतरतोय आणि नॉइज चढतोय. फ्रीजरमध्ये ठेवलं तर उष्णतेचा भाग मंदावतो, पण किरणोत्साराला फ्रीजरचं दार कळत नाही. आणि याचा बॅकअप नाही, कारण कॉपी करायला अजून काही दिसतच नाहीये. एआयला रंग भरायला येईल हो, आत्ताही येतं. पण भरायला आधी चित्र लागेल ना? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुऊन स्कॅन केलेली फिल्म पुढच्या कुठल्याही जादूसाठी तयार असते. न धुतलेली नसते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. एकदा ब्लॅक अँड व्हाइट केलं की रंग कायमचा गेला, नंतर के-१४ उद्या परत आली तरी उपयोग नाही. मान्य. पण हा सौदा कशाच्या बदल्यात आहे ते बघा. कोडाक्रोमच्या आत रंग नव्हताच कधी, तीन थरांत तीन ब्लॅक अँड व्हाइट नोंदी होत्या. त्या एकत्र होऊन चांदीत उमटतात आणि चेहरा दिसतो. उलट कपलर आत नसल्यामुळे जुनी कोडाक्रोम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कितीदा तरी आश्चर्य वाटावं इतकी नीट निघते. काम करणारे लोक एचसी-११० सारखा फॉग कमी आणणारा डेव्हलपर वापरतात. आतल्या पिवळ्या फिल्टरच्या थरातली चांदी राहते, त्यामुळे फिल्म तपकिरी, गढूळ दिसते. घाबरू नका, स्कॅनर त्यातून आरपार बघतो.

सगळ्याच फिल्मला हा न्याय लावू नका, हेही सांगून ठेवतो. १६ किंवा ३५ मिमीची ईस्टमन कलर निगेटिव्ह असेल तर तिची ईसीएन-२ प्रोसेस आजही चालू आहे. २०२३ चा 'ओपनहायमर' फिल्मवरच शूट झाला, त्याची रंगीत निगेटिव्ह याच प्रोसेसची. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची असेल तर रंगाचा प्रयत्न जरूर करा. जुनी सुपर ८ एक्टाक्रोम मात्र फसवी. नाव तेच, पण तिची प्रोसेस वेगळी होती, आणि आजच्या ई-६ च्या ३८ अंशाच्या रसायनात जुनं नाजूक इमल्शन सुटून येऊ शकतं. कॉलेजची पोरं एक्स्पायर्ड फिल्म मुद्दाम चुकीच्या प्रोसेसमधून काढून जांभळी आकाशं मिळवतात, ती मजा वेगळी. ती नव्या शूटवर करा, आजीवर नको.

आणि ऑनलाइन लिलावात 'कोल्ड स्टोअर्ड' कोडाक्रोमचे कोरे रोल विकत घेऊन आता त्यावर शूट करणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. :-) पैसे तुमचे.

ज्यांच्याकडे खरंच काही आहे त्यांनी आज एवढं करा. सुपर ८ कार्ट्रिजच्या खिडकीत फिल्मवर 'एक्स्पोज्ड' असा इंग्रजी शिक्का दिसतोय का बघा. दिसला तर रोल पूर्ण चाललेला आहे. दिसला नाही तरी सुरुवातीला काहीतरी असू शकतं, टाकून देऊ नका. कार्ट्रिज उघडू नका, फिल्म ओढून बघायचा मोह तर अजिबात नको. कॅनडात फिल्म रेस्क्यू इंटरनॅशनलसारखी, जुन्या फिल्मचंच काम करणारी लॅब आहे. असे लोक बॅच साठवून काम करतात, तेव्हा महिनोन्‌महिने लागू शकतात. विमानाने स्वतः नेणार असाल तर चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथलं स्कॅनर जोरदार असतं. हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. खोक्यावर हाताने जे काही लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून त्या वर्षाबद्दल जे आठवेल ते लिहून घ्या. हे दुसरं काम लॅबचं पाकीट परत यायच्या आत करा.