नावापुढचं "डॉक्टर" सत्तर हजारांना

गेल्या शनिवारी लाँग आयलंडला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. सॉफ्टवेअरवाल्याला कोणी आग्रहाने जेवायला बोलावलं की शेवटी बिघडलेला प्रिंटर निघतो, हा माझा अनुभव. यावेळी एक्सेल शीट निघाली. मित्राच्या मुलीला ऑक्युपेशनल थेरपी शिकायचीय, दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, आणि त्यावरून घरात मायलेकींचा आठवडाभर अबोला चाललाय.

पहिला पर्याय आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची मास्टर्स. दुसरा एका खासगी विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हणजे ओटीडी. दोन्हींच्या एकूण खर्चात फरक सुमारे 70 हजार डॉलरचा. वहिनींचं म्हणणं, "एवढं शिकायचंच आहे तर नावापुढे डॉक्टर तरी लागू दे. फिजिओथेरपीवाल्यांना नाही का लागत?" मुलगी म्हणाली, "काका, मला शाळेतल्या मुलांबरोबर काम करायचंय. ती मला नावानेच हाक मारणार."

आधी हे शास्त्र काय ते सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना ही मालिश वाटते. माझ्या वडिलांना पुण्यात पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा फिजिओथेरपिस्टने त्यांना चालतं केलं. पण एका हाताने सदऱ्याची गुंडी कशी लावायची, ताट सरकू नये म्हणून खाली काय घालायचं, आंघोळीला स्टूल कुठे ठेवायचं, हे शिकवलं ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी. स्वतःची गुंडी स्वतः लावली त्या दिवशी बाबा महिन्याभरात पहिल्यांदा हसले. भारतात हे शिक्षण सुरू झालं 1950 साली, मुंबईच्या केईएममध्ये. सुरू केलं मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांनी. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल.

आपल्याकडे बारावीनंतर थेट ही पदवी घेता येते. अमेरिकेतही पूर्वी बॅचलर्सवर भागायचं. 2007 पासून किमान मास्टर्स लागते. पुढे 2017 मध्ये मान्यता देणाऱ्या संस्थेने, एकोटीने, जाहीर केलं की 2027 पासून डॉक्टरेटच लागेल. त्यावर बराच गदारोळ झाला, 2018 मध्ये निर्णय स्थगित झाला, आणि 2019 मध्ये दोन्ही रस्ते खुले ठेवायचं ठरलं. म्हणजे मास्टर्स ही काही मागे पडलेली पदवी नाही. पण "आता डॉक्टरेटच लागते" ही अफवा मात्र अजून जिवंत आहे, आणि वहिनींनी ती तीन जणांकडून ऐकली होती.

आता मुद्द्याचं. दोन्ही पदव्यांनंतर परीक्षा एकच, एनबीसीओटीची. राज्याचा परवानाही तोच. प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण दोन्हीत किमान 24 आठवडे पूर्णवेळ. डॉक्टरेटला त्यावर 14 आठवड्यांचा एक प्रकल्प वाढतो. आणि शाळेत किंवा रुग्णालयात पहिली नोकरी लागते ती परवान्यावर. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे 2024 मध्ये या व्यवसायातला मध्यम पगार वर्षाला 98,340 डॉलर होता. चांगलाच आहे. पण तो 70 हजारांचं जास्तीचं कर्ज सहज पोटात घालेल इतका नाही.

हिशोब करून दाखवला. समजा 60 हजारांचं कर्ज, 8 टक्के व्याज, 10 वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 728 डॉलर. तेच 1 लाख 30 हजारांचं असेल तर 1,577. फरक महिन्याला 850 च्या आसपास, आणि दहा वर्षांत 1 लाखाच्या वर. शिवाय शिकत असताना व्याज चालूच असतं, आणि डॉक्टरेटला जितका काळ जास्त जातो तितका पगारही बुडतो. हा शेवटचा रकाना मित्राच्या शीटमध्ये नव्हताच!

त्यात आणखी एक भर पडलीय. पूर्वी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज लागेल तेवढं मिळायचं. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला 20,500 आणि एकूण 1 लाख डॉलरपर्यंतच. "प्रोफेशनल" पदव्यांसाठी मर्यादा मोठी आहे, पण ज्या जुन्या नियमावरून हा शब्द घेतलाय त्याच्या यादीत वैद्यक, दंतवैद्यक, कायदा, फार्मसी वगैरे आहे, ऑक्युपेशनल थेरपीचं नाव नाही. म्हणजे वरचे पैसे खासगी बँकेकडून घ्यायचे, आणि तिथे बहुतेक वेळा आईबापांची सही लागते.

मग स्वस्त आणि चांगलं कसं ओळखायचं? माझी यादी छोटी आहे. एक, एकोटीची मान्यता आहे का ते आधी बघा. नवा अभ्यासक्रम अजून "उमेदवार" अवस्थेत असेल तर जपून, कारण मान्यता मिळाली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही. दोन, परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण शाळेनुसार जाहीर असतं. सोबत, आत गेलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले हेही बघा. अर्ध्यात सोडलेलं शिक्षण सगळ्यात महाग. तीन, आपल्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ आधी. न्यूयॉर्कमध्ये स्टोनी ब्रूक, डाउनस्टेट, बफेलो आणि क्वीन्सचं यॉर्क कॉलेज, इतक्या ठिकाणी हे शिकवतात. चार, प्रवेशाआधी लागणारे शरीररचनेसारखे विषय कम्युनिटी कॉलेजात चालतील का ते विचारा. पाच, प्रशिक्षणाचे ते 24 आठवडे बहुधा बिनपगारी असतात आणि घराजवळ मिळतीलच असं नाही. भाडं, गाडी, पेट्रोल आधीच धरा.

डॉक्टरेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुढे शिकवायचं असेल, एखादा विभाग चालवायचा असेल, तर तिचा उपयोग आहे. पण ती नोकरी करता करता नंतरही घेता येते, आणि तोपर्यंत आपल्याला खरंच हवीय का ते कळलेलं असतं.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय त्याला कारण आहे. 2003 साली मी इथे एमएस करायला आलो, तेव्हा स्वस्तातलं सरकारी विद्यापीठ सोडून नाव मोठं असलेलं धरलं. बाबांनी राहतं घर तारण ठेवलं. कर्ज फिटायला सात वर्षं लागली, आणि त्या सात वर्षांत मी फक्त दोनदा घरी गेलो. पहिली नोकरी लागली तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर त्याच स्वस्तातल्या विद्यापीठाचा मुलगा बसत होता. पगार तोच.

हे सांगितल्यावर वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण चारचौघांत सांगायचं काय?"

म्हटलं, सांगा की मुलगी पहिल्या पगारापासून स्वतःच्या पायावर उभी आहे. लोकांनाही तेच शिकवणार आहे ती.

अबोला सुटला की नाही माहीत नाही. निघताना मुलीने शीटमध्ये बुडणाऱ्या पगाराचा रकाना घालून घेतला. असो. तुमच्या घरात असा वाद चालू असेल तर आणखी एक करा: गावातल्या दोन थेरपिस्टना फोन करून विचारा, नोकरी देताना तुमची पदवी कोणी पाहिली होती का, आणि हप्ता अजून किती राहिलाय.