आळ एक, कागदावर दुसरंच

१७८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुस गावात आना ग्योल्डी या मोलकरणीचं डोकं उडवलं. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया निघाल्या, आळ चेटकाचा. निकालात मात्र विषप्रयोग लिहिला. निर्दोष ठरवलं २००८ मध्ये!

आमच्या धारूरकडे, मराठवाडाभर, त्याला भानामती म्हणतात. म्हैस आटली, पोरगी भुंकू लागली, की बोट वळतं एकट्या बाईकडे. तिच्या नावे दोन एकर असले तर विचारूच नका. आणि ठाण्यात? ‘शेजाऱ्यांचं भांडण.’

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन कुणाचं जगणं नकोसं करणं दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तेव्हा बायांनो, ‘आपसात मिटवा’ म्हटलं तरी उठू नका. फिर्यादीत भानामती हा शब्द लिहून घ्या, हा कायदा लावून घ्या, आणि नक्कल घेऊनच बाहेर पडा.