धुराडी इथली, पारा ध्रुवावरच्या पाखरांत

आर्क्टिकमधल्या पक्ष्यांच्या शरीरात आज सापडणारा पारा बहुतांशी आर्क्टिकमध्ये निर्माण झालेला नाही. कोळशावरची वीजकेंद्रे, सिमेंट आणि धातूंचे कारखाने, पाऱ्याच्या मदतीने सोने काढणाऱ्या छोट्या खाणी हे त्याचे मुख्य उगम आहेत आणि त्यांतले बहुतेक हजारो किलोमीटर दक्षिणेला आहेत. हे विष अडवण्याची यंत्रे उपलब्ध आहेत, कायदे झाले आहेत, आंतरराष्ट्रीय करारही आहे. तरीही ते थांबत नाही, कारण त्याची किंमत जे मोजतात त्यांना मतदानाचा हक्क नाही आणि ते कुठल्याही न्यायालयात दाद मागू शकत नाहीत.

पारा ध्रुवापर्यंत कसा पोचतो

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये मानवी उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातला सुमारे ३८ टक्के छोट्या सोनेखाणींतून आला आणि सुमारे २१ टक्के मोठ्या भट्ट्यांत जळणाऱ्या कोळशातून. एकूण उत्सर्जनात आशियाचा वाटा जवळपास निम्मा होता. वायुरूप पारा हवेत कित्येक महिने टिकतो. तेवढ्या काळात वारे त्याला पृथ्वीभर फिरवतात.

ध्रुवावर त्याला खाली ओढणारी एक खास प्रक्रिया आहे. कॅनडाच्या उत्तर टोकावरील अलर्ट केंद्रात १९९५ साली ती प्रथम नोंदली गेली. लांबलचक ध्रुवीय रात्रीनंतर सूर्य उगवला की खारट समुद्रबर्फातून सुटलेल्या ब्रोमीनशी हवेतल्या पाऱ्याची रासायनिक क्रिया होते आणि तो बर्फावर उतरतो. त्यातला काही भाग पुन्हा हवेत जातो, उरलेला बर्फ वितळल्यावर पाण्यात मिसळतो. तिथे जिवाणू त्याचे रूपांतर मिथाइल मर्क्युरी या अधिक घातक संयुगात करतात. हे संयुग शरीरातून सहज बाहेर पडत नाही. प्लवकांकडून बारीक कवचधारी प्राण्यांकडे, तिथून माशांकडे आणि माशांतून पक्ष्यांकडे जाताना प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. समुद्रपक्षी या साखळीच्या वरच्या टोकाला असल्याने सर्वांत मोठा वाटा त्यांच्या पदरी पडतो.

पिसांतला पुरावा

शरीरात साठलेल्या पाऱ्याचा बराच भाग पक्षी वाढत्या पिसांत टाकतात. पिसात गेलेले मिथाइल मर्क्युरी टिकून राहते, त्यामुळे संग्रहालयांतले जुने नमुने हा या प्रदूषणाचा दप्तरी पुरावा ठरतो. आयव्हरी गल हा समुद्रबर्फाच्या आधाराने जगणारा पांढराशुभ्र कुरव आहे. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या त्याच्या नमुन्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७७ ते २००७ या १३० वर्षांत पिसांतल्या मिथाइल मर्क्युरीचे प्रमाण ४५ पट वाढल्याचे त्यातून दिसले. पक्ष्याचा आहार बदलल्याची चिन्हे मात्र आढळली नाहीत. म्हणजे खाणे तेच राहिले आणि त्यातले विष वाढले. याच पक्ष्याची कॅनडातली संख्या १९८०च्या दशकापासून सुमारे ८० टक्क्यांनी घटली आहे. या घटीला शिकार आणि आक्रसणारा समुद्रबर्फ हीही कारणे असू शकतात. पण आधीच अडचणीत सापडलेल्या जातीवर वरून पाऱ्याचा भार टाकणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही.

‘पारा निसर्गातही असतो’ हा बचाव नेहमी पुढे केला जातो. ज्वालामुखींतून पारा बाहेर पडतो, हे खरेच आहे. पण गेल्या दीडशे वर्षांतली वाढ ज्वालामुखींच्या माथी मारता येत नाही. तिचा काळ औद्योगिक कोळशाच्या काळाशी जुळतो.

मृत्यू दिसत नाही, वीण खुंटते

दुसरा बचाव असा, की ध्रुवावर पक्ष्यांच्या मृतदेहांचे ढीग दिसत नाहीत. दिसणारही नाहीत, कारण पाऱ्याचा घाव बहुधा प्रजननावर बसतो. स्वालबार्डमधल्या कोंग्सफ्योर्ड परिसरात किटिवेक या कुरवांचा अभ्यास झाला. ज्या पक्ष्यांनी हंगामात अंडी घातलीच नाहीत, त्यांच्या रक्तात अंडी घालणाऱ्यांपेक्षा जास्त पारा होता. विणीला चालना देणाऱ्या संप्रेरकावरही त्याचा परिणाम आढळला. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकातल्या अॅडेली लँडवर आणि उपअंटार्क्टिक कर्गुलेन बेटांवर स्कुआ पक्ष्यांत हाच प्रकार दिसला. अंगात पारा जास्त असलेले पक्षी जगले, पण पुढच्या हंगामांत त्यांना पिल्ले वाढवण्यात कमी यश आले.

समुद्रपक्षी दीर्घायुषी असतात आणि वर्षाला एक-दोनच अंडी घालतात. प्रौढ पक्षी कड्यांवर दिसत राहतात, वसाहत भरलेली वाटते आणि पिल्लांची पुढची फळी मात्र विरळ होत जाते. संख्या घटल्याचे मोजणीत उतरेपर्यंत बरीच वर्षे निघून गेलेली असतात.

शिशाने दिलेले दोन धडे

उगमावर वेळीच बंधन घातले तर काय होते आणि उशीर केला तर काय होते, हे शिसे या दुसऱ्या विषारी धातूने दाखवले आहे. पहिला धडा अलास्काचा. युकॉन-कस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात चष्मेवाल्या आयडर बदकांची संख्या १९७०च्या दशकापासून १९९२ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक घटली. शिकारीच्या काडतुसांतले शिशाचे छर्रे उथळ तळ्यांच्या तळाशी पडून राहतात. बदके पोटात अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यांबरोबर छर्रेही गिळतात. शिशाची बाधा झालेल्या माद्या बाधा नसलेल्यांपेक्षा खूपच कमी प्रमाणात पुढच्या वर्षापर्यंत जगल्याचे तिथल्या अभ्यासात आढळले. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी घातली, पण आधी पडलेले छर्रे त्यानंतरही तळ्यांत राहिले. उशिरा केलेल्या कायद्याची किंमत अशी पुढे चालू राहते.

दुसरा धडा ग्रीनलंडचा आणि तो उमेद देणारा आहे. तिथल्या बर्फाच्या थरांत पेट्रोलमधल्या शिशाची स्पष्ट नोंद आहे. देशोदेशी शिसेयुक्त पेट्रोलवर निर्बंध येऊ लागले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे २० वर्षांत तिथल्या हिमातले शिसे सातपटीहून अधिक कमी झाले. भारतानेही २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. उगमावर बंधन आले की ध्रुवावरचे प्रदूषण कमी होते, याहून ठोस पुरावा मागण्यात अर्थ नाही.

कॅडमियमची गोष्ट वेगळी आहे. उत्तरेकडच्या काही समुद्रपक्ष्यांच्या मूत्रपिंडांत ते बऱ्याच प्रमाणात सापडते. पण त्याचा मोठा भाग समुद्रातल्या नैसर्गिक साठ्यातून कवचधारी प्राण्यांमार्फत येतो आणि शरीरातली काही प्रथिने त्याला बांधून ठेवतात. त्यामुळे सर्व धातूंवर सरसकट बोट ठेवणे चूक ठरेल. आज तातडीचा प्रश्न पाऱ्याचा आहे.

भारताची जबाबदारी

किटिवेकवरचा अभ्यास झाला त्याच कोंग्सफ्योर्डच्या काठी, न्यू-ऑलेसुन्द येथे, २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. दुसरीकडे, कोळशातून पारा सोडणाऱ्या देशांतही भारत अग्रभागी आहे. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांची धुराडी याच हिशेबात येतात.

पाऱ्यावरील मिनामाता करार ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला आणि जून २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. जुन्या वीजकेंद्रांच्या पाऱ्यावर नियंत्रण आणण्याची करारातली दहा वर्षांची मुदत भारतासाठी २०२८ मध्ये संपते. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने पाऱ्यासाठी घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली होती. पण त्या नियमावलीच्या पूर्ततेच्या मुदती वारंवार वाढवल्या गेल्या. गंधक डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा पाऱ्याचाही काही भाग अडवते. जुलै २०२५ मध्ये वीजकेंद्रांच्या बहुसंख्य संचांना तिच्या सक्तीतून सूट मिळाली. ध्रुवावर संशोधक पाठवायचे आणि घरची धुराडी मोकळी सोडायची, ही दोन धोरणे एकत्र नांदू शकत नाहीत.

मागण्या

१. प्रत्येक औष्णिक संचातून बाहेर पडणाऱ्या पाऱ्याचे नियमित मापन व्हावे आणि आकडे जनतेसाठी खुले असावेत.

२. पाऱ्याच्या मर्यादेला यापुढे मुदतवाढ देऊ नये. गंधकविषयक सूट देताना वाढणाऱ्या पाऱ्याचा हिशेब मांडावा आणि तो भरून काढण्याची सक्ती करावी.

३. छोट्या सोनेखाणींकडे जाणारा पाऱ्याचा व्यापार मिनामाता करारातल्या सर्व देशांनी बंद करावा आणि तिथल्या कामगारांना पाऱ्याविना सोने काढण्याची साधने द्यावीत.

४. ध्रुवीय पाणपक्ष्यांची शिकार जिथे होते, त्या सर्व देशांत शिशाच्या छर्ऱ्यांवर पूर्ण बंदी असावी.

५. हिमाद्री आणि अंटार्क्टिकातल्या मैत्री व भारती केंद्रांच्या परिसरात पक्ष्यांची पिसे व अंडी यांतल्या धातूंच्या दीर्घकालीन नोंदी ठेवाव्यात आणि त्या दरवर्षी प्रसिद्ध कराव्यात.