तुपाची बदनामी कोणी केली?

पाश्चात्त्य आहारशास्त्राने हिंदू घरातील तूप हिरावून घेतले आणि त्याऐवजी हाती साखर दिली, असा समज सुशिक्षित कुटुंबांत दृढ होत चालला आहे. स्वाभिमानाला तो सुखावतो. म्हणूनच तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

वस्तुस्थिती काय आहे? सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी सिनेट समितीने १९७७ मध्ये आहाराची उद्दिष्टे जाहीर केली. स्निग्ध पदार्थ कमी करा, असे त्यांत होते आणि साखर कमी करा, असेही होते. १९८० मध्ये तेथील सरकारने दिलेल्या सात सूचनांतही अति साखर टाळण्याची सूचना स्वतंत्रपणे होती. लोणी सोडा आणि साखर खा, असे यांपैकी कोणीही सांगितले नाही. निम्मा उपदेश लोकांनी ऐकला, उरलेला बाजाराच्या गोंगाटात बुडाला. दही, बिस्किटे यांतला स्निग्धांश काढायचा, गेलेली चव भरून काढण्यासाठी साखर घालायची आणि वेष्टनावर ‘लो फॅट’ असे ठळक छापायचे, ही चलाखी व्यापाऱ्यांची. तिचे खापर मात्र आहारशास्त्राच्या माथी फुटले.

अर्थात शास्त्रज्ञ मंडळी धुतल्या तांदळासारखी होती, असेही नाही. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकाराच्या संदर्भात स्निग्धांशाकडे बोट दाखवून साखरेवरील संशय सौम्य केला. त्या लेखनासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे मोजले होते, हे जगापुढे यायला २०१६ साल उजाडले. या लबाडीचा निषेध करावा तेवढा थोडाच. पण तीमुळे तुपाला अमर्याद सेवनाचा परवाना मिळत नाही. तुपातील निम्म्याहून अधिक भाग संपृक्त मेदाचा असतो आणि दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक उष्मांक अशा मेदातून येऊ नयेत, हा सल्ला आजही कायम आहे. वरणभातावरील चमचाभर तुपाला कोणाचीच हरकत नाही. वाटीने तूप पिण्याला आहे.

देशी तुपाची जागा ज्या वनस्पती तुपाने बळकावली, तेही घरात शिरले ते स्वस्ताईच्या आणि जाहिरातींच्या बळावर. त्यातील ट्रान्स फॅट घातक ठरले आणि २०२२ पासून तेल-तुपांतील त्याच्या प्रमाणावर २ टक्क्यांची मर्यादा आली.

आता त्याच बाजाराने स्वदेशीचा अंगरखा चढवला आहे. ‘सेंद्रिय गुळाची’ म्हणून मिठाई मधुमेही आजोबांपुढे निर्धास्तपणे ठेवली जाते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दिला आहे. अशा देशात हा भाबडेपणा परवडणारा नाही. गूळ हा बहुतांशी साखरच आहे. मधातील साखरही जागतिक आरोग्य संघटना मर्यादित ठेवायच्या साखरेतच मोजते.

यावर परकीय प्रमाण नको, असे म्हणणाऱ्यांसाठी घरचेच प्रमाण आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे दिली आहेत. सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही, नवे धान्य यांच्या जोडीला त्यांत गुळापासून केलेले पदार्थही स्पष्टपणे नोंदवलेले आहेत. गुळाच्या खोक्यावर ‘आयुर्वेदिक’ असे छापणाऱ्यांनी तेवढा एक श्लोकही सोबत छापावा.